आधी मागचा पंख

वन्सं, तुमची वेताची खुर्ची अजून मागच्या अंगणातच आहे, घोळीच्या वाफ्यावर, जरा तिरकी. तिच्यावर कुणी बसलेलं नाही. मी बसू दिलेलं नाही, असं म्हणा. परवा गुरसरायहून तुमचे चुलतभाऊ भेटायला आले होते. उन्हातून आलेला माणूस, टेकायला म्हणून खुर्चीकडे वळला, तर मी एवढ्या जोरात "अहो, तिथे नको!" ओरडले की बिचारे दचकून उभेच राहिले. त्यांना वाटलं, नणंदेच्या आठवणीने वहिनी हळवी झाली. हळवी तर झालेच आहे. पण खुर्चीची गोष्ट वेगळी आहे, आणि ती तुम्हाला सांगितल्याशिवाय माझ्या जिवाला चैन पडायची नाही.

तुम्हाला जाऊन अजून महिना झाला नाही. सकाळी फिरायला निघताना दोन चपलांचे जोड दाराशी काढते आणि मग एक परत आत नेते. हे बघतात. हे म्हणजे तुमचे बाळू. घोळीवरून आमचं बोलणं आधीच कमी झालंय. तेही सांगते.

लग्न ठरलं तेव्हा नगऱ्यातल्या रेल्वे क्वार्टरांमधल्या झाडून सगळ्या मावश्यांनी माझ्या आईचे कान भरले होते. मुलगा चांगला आहे, घर लक्ष्मी गेटच्या आत आहे, पण मोठी नणंद बिनलग्नाची आहे, बँकेत आहे आणि कडू आहे. हा शब्द मी माहेराहून घेऊनच आले, भांड्यांबरोबर. भुसावळहून बदलीवर आलेल्या माणसाची मी मुलगी, आणि तुम्ही गुरसरायच्या कारभाऱ्यांच्या वंशातल्या! पहिल्याच दिवशी माझी पोळी उजेडाकडे धरून तुम्ही विचारलंत, "रेल्वेत असंच जेवतात काय?" त्या रात्री मी उशीत तोंड खुपसून रडले. दुसऱ्या दिवशी तुम्ही काही न बोलता माझ्याशेजारी पाट घेतलात आणि कणीक तिंबायला बसलात. बँकेची वेळ होईपर्यंत तिंबत होतात. शिकवलंत मात्र एका शब्दाने नाही. तुमची तीच तर तऱ्हा.

आणि म्हातारपणी आपल्या दोघींना फुलपाखरांचं खूळ लागलं ते मारुतीमुळे. शनिवारी रुईच्या पानांची माळ करायची हे तुमचं व्रत. इथे हिंदी मुलखात रुईला सगळे अकौआ म्हणतात, पण तुमच्या तोंडी रुईच. तळ्याकाठी पानं तोडताना एका पानाखाली काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांची, गुळगुळीत, लठ्ठ अळी बसली होती. मी "ईऽऽ, फेका!" म्हणून मागे सरले. तुम्ही चष्मा नाकावर खाली ओढलात आणि म्हणालात, "थांब गं. हिने स्वेटर घातलाय." ती पानासकट डब्यात घरी आली. मिनूला फोटो पाठवला. आपली लेक, मराठी सगळं कळतं, उत्तर देणार हिंदीत: "आत्या, ये तो प्लेन टायगर है. बहुत कॉमन है." तुम्हाला तो 'कॉमन' फार लागला. "कॉमन असेल तिच्या बंगलोरात," म्हणालात. पण त्या दिवसापासून मारुतीच्या माळेचं प्रत्येक पान उलटं करून बघायची पद्धत पडली. खाली अंडं असलं की पान झाडालाच ठेवायचं. माळ आखूड व्हायला लागली. मी म्हटलं, देव रागावेल. तुम्ही म्हणालात, "ब्रह्मचारी आहे तो, त्याला पोरांची काय अडचण!" अहो, मी तिथेच तळ्याच्या पायरीवर बसले हसत.

काय काय घोळ घातले आपण सुरुवातीला! दिसेल ते पिवळं एकच. कढीपत्त्यावरचं काळं ते एकच. एकदा तुम्ही दिव्यापाशी बसलेल्या पतंगाचा फोटो पाठवून मिनूला "दुर्मीळ आहे का बघ" विचारलंत आणि तिने नुसती हसणारी तोंडं पाठवली. तुम्ही दोन दिवस तिच्याशी बोलला नाहीत. आणि ते ठिपक्यांचं भांडण! प्लेन टायगरचे नारिंगी पंख, टोकाला काळं आणि त्यात पांढरा पट्टा, इथवर आपलं जमायचं. मागच्या पंखावर मला तीन ठिपके दिसायचे, तुम्हाला चार. मी म्हणायचे, मोतीबिंदू वाढलाय. तुम्ही म्हणायचात, रेल्वेच्या शाळेत तीनपर्यंतच शिकवतात वाटतं. आपण दोघी खऱ्या होतो. नराला चार, मादीला तीन. हे कळायला आपल्याला अख्खा पावसाळा लागला, आणि कळलं तेव्हा तुम्ही मला बालूशाही आणलीत. माफी मागायची ती तुमची रीत.

मग नियम आला तो तुमच्या बँकेतून. उभी हयात तुम्ही सह्या जुळवल्यात. तुम्ही सांगायचात, "खोटी सही करणारा सुरुवात झोकात करतो, शैला. शेवटचा फराटा बघायचा. तिथे हात चोरतो." तसंच फुलपाखराचं. पुढचे पंख सगळे मिरवतात, म्हणून आधी मागचा पंख. आणि नाव आधी बोलायचं नाही. एकीने नाव घेतलं की दुसरीला तेच दिसायला लागतं, असं तुमचं म्हणणं. आधी एकीने बघायचं, मग दुसरीने, मग दोघींनी एकदम नाव घ्यायचं. "जल्दी नको करू. पहले मागचा पंख, नाव बाद में." हे वाक्य तुम्ही माझ्या कानीकपाळी इतकं ओरडलात की परवा भाजीवाल्याच्या गाडीवर मी वांगं उलटं करून बघत बसले. "देख लो अम्मा, इसमें क्या निकलेगा!" म्हणाला तो.

नियमाची गरज पडली ती त्या दुसऱ्या बाईमुळे. डॅनेड एगफ्लाय. मिनूने सांगितलं तेव्हा आपण दोघी चाटच पडलो. प्लेन टायगर रुई खाऊन खाऊन कडू होतो, पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत. म्हणून ही एगफ्लायची मादी हुबेहूब त्याच्यासारखी नटून फिरते. तोच नारिंगी, तेच काळं टोक, तोच पांढरा पट्टा. मागच्या पंखाच्या वरच्या कडेला ठिपका फक्त एक. ही स्वतः कडू नाहीच.

तुम्ही तेव्हा सुपारी कातरत होतात. अडकित्ता थांबला. म्हणालात, "म्हणजे बिचारी नुसती कडू दिसते. कुणी खाऊ नये म्हणून." आणि मग, माझ्याकडे न बघता, "माझ्यासारखीच म्हण की."

मी काय म्हणाले असेन? "छे! तुम्ही अस्सल, वन्सं. चार ठिपकेवाल्या." तुम्ही खदाखदा हसलात. मीही हसले. ते आपलं कायमचंच झालं, प्लेन टायगर दिसला की मी म्हणायचे, बघा, तुमची जात. आणि तुम्ही म्हणायचात, एक दिवस एगफ्लाय दाखवते तुला, थांब. दोन वर्षं आपण तिला शोधत होतो. तळ्याकाठी, नारायण बागेत, नगऱ्यात माझ्या माहेरच्या क्वार्टरामागे घाणेरी माजली आहे तिथेही. एकदाही सापडली नाही. जी दिसायची तिचे ठिपके मोजले की तीन नाहीतर चार.

अंगणातली घोळ तुम्ही त्यासाठीच राखलीत. एरवी पावसाळ्यात घोळीची डाळ घातलेली पातळ भाजी तुमच्या हातची, वर लसणीची फोडणी. शेजारीपाजारी कुल्फा म्हणून कौतुकाने वाटी मागायला यायचे. पण मिनूने सांगितलं की एगफ्लाय घोळीवर अंडी घालते, आणि झालं. घोळ बंद! यंदा श्रावणात मी नुसती चार काड्या खुडायला गेले तर खुर्ची टाकून पहाऱ्याला बसलात. शेजारच्यांचा सावन पौर्णिमेला संपून आपला श्रावण अर्ध्यावर आला तरी तुम्ही एक पान तोडू दिलं नाहीत. मी चिडून म्हटलं, एका पाखरासाठी घरातली माणसं उपाशी ठेवा. "दोडकं कर," म्हणालात.

आणि ती आली. दुपारी मी वाळत घातलेले कपडे काढत होते. तुमची हाक आली, अगदी हळू, म्हणजे काहीतरी खरंच असणार. मी आले तेव्हा ती घोळीवर बसली होती, पंख मिटलेले, मागचा पंख पानांच्या आड. तुम्ही एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला. क्षणभर तिने पंख उघडले आणि गेलीच, भिंतीवरून. मी म्हटलं, मी बघितलं. तुम्ही म्हणालात, मीही. "एक, दोन, तीन" म्हणून दोघींनी एकदम नाव घेतलं. मी प्लेन टायगर म्हणाले. तुम्ही एगफ्लाय म्हणालात.

मग जे जुंपलं ते जुंपलं. तुम्ही म्हणायचं, घोळीवर कोण बसतं? मी म्हणायचं, बसायला काय, आपल्या दोरीवरही बसतं. मला ठिपके दिसले होते, वन्सं, एकाहून जास्त. निदान तसं वाटलं होतं. तुमच्या फोनमधल्या फोटोत पानच मोठं. मिनूने लिहिलं, इस फोटो से नहीं बता सकते. चार दिवस जेवताना तोच विषय. हे वैतागून ताट घेऊन टीव्हीसमोर बसायला लागले. तुम्ही म्हणत होतात, "एकदा म्हण की मी बरोबर आहे." मी म्हणत होते, "दिसली की म्हणेन." त्या मंगळवारी जेवण झाल्यावर तुम्ही म्हणालात, ऊन उतरलं की पानांखाली अंडी बघू. आणि आडव्या झालात. मी चहा घेऊन आले तेव्हा तुम्ही उठला नाहीत.

त्याबद्दल मला लिहिता येत नाही. पुढचं लिहिते.

दहाव्याला मी घाटावर आले. हल्ली बायका येतात, कुणी काही बोललं नाही. पिंडाजवळ तुमची बालूशाही ठेवली होती, सुपारी ठेवली होती. कावळे होते हो भरपूर, पिंपळावर, तारेवर, समोरच्या पायरीवर. येत नव्हते. यांनी हात जोडून सांगितलं, ताई, तुझी खोली तशीच ठेवतो. एक कावळा मान वाकडी करून बघत राहिला. यांनी सांगितलं, मारुतीची माळ चुकवणार नाही. मिनू रडत म्हणाली, आत्या, मैं मराठी में बात करूँगी. कावळा हलला नाही. सूर्य वर यायला लागला. गुरुजींनी विचारलं, "काही इच्छा राहिली होती का त्यांची? कुणाकडून काही ऐकायचं होतं का?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. कुणाला ठाऊक नव्हतं? चार दिवस घर डोक्यावर घेतलं होतं आपण.

हे माझ्याजवळ आले आणि दबक्या आवाजात म्हणाले, "म्हण ना, तिचंच बरोबर होतं म्हणून. तुझं काय जातंय?"

माझं काय जात होतं, वन्सं! तोंडाशी आलं होतं. तुम्ही जिवंत असतात तर तुमचे पाय धरून शंभरदा म्हटलं असतं. पण तुम्हालाच ते चाललं नसतं. आयुष्यात एकदा तरी न बघता सही पास केलीत का तुम्ही? बँकेत मोठा साहेब डोक्यावर उभा राहिला होता तेव्हासुद्धा नाही केलीत. आणि मी तुम्हाला शेवटचं म्हणून खोटं देऊ? तुमच्या कावळ्याला लाच म्हणून? मी म्हटलं, "बघून सांगते. न बघता नाव घ्यायचं नाही असं ठरलंय आमचं."

हे ओरडले. घाटावर, सगळ्यांदेखत. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. "ती गेलीय, शैला! कुणाशी ठरलंय?" मला तोंडात मारल्यासारखं झालं.

शेवटी गुरुजींनी दर्भ घेतला, चार काड्या दुमडल्या, गाठ मारली आणि दर्भाचा कावळा केला. तोच पिंडाला शिवला. संपलं. शेजारचे भैयाजी यांना विचारत होते, "ऐसा भी चलता है क्या आप लोगों में?" आणि मला, देवा, माझी लाज वाटते सांगायला, मला हसू आलं. आयुष्यभर नकली ओळखणारी बाई, आणि तिला पोचवायला गवताचा कावळा! तुम्ही तिथे असतात तर चष्मा खाली ओढून म्हणाला असतात, "गुरुजी, मागचा पंख कुठाय?" पदराआड मी हसले आणि तिथूनच जे रडू फुटलं ते घरी येईपर्यंत थांबलं नाही.

तेराव्याला अंगणात मांडव घालायचा होता. तंबूवाला म्हणाला, "अम्मा, जे घास हटा दें?" हे म्हणाले, हटाव. मी तुमची खुर्ची उचलून घोळीवर ठेवली आणि म्हटलं, ही त्यांची जागा आहे, इथलं काही हलणार नाही. यांना चिडवायला नाही, एगफ्लायसाठीही नाही. तुम्ही तोडू नको म्हणाला होतात म्हणून. पंगत खुर्चीला वळसा घालून बसली.

संध्याकाळी सगळे गेल्यावर अंगण झाडताना बघते तर घोळीची पानं कुरतडलेली. खाली काळी काटेरी अळी. डोक्यावर दोन शिंगं. बाई गं! केरसुणी हातातच राहिली. प्लेन टायगरची अळी आपल्या ओळखीची, स्वेटरवाली, गुळगुळीत. ही ती नव्हती. म्हणजे माझं चुकलं होतं? मी मिनूला फोटो पाठवला. तिने लिहिलं, आणि मराठीत लिहिलं, सगळं चुकीचं, पण मराठीत, की आई, अळी वरून सांगू नको, दुसऱ्या एगफ्लायची पण अशीच असते, थांब. अळ्याही एकसारख्या! म्हटलं, वन्सं, काय हा छळ.

मग थांबले. दोन दिवसांनी अळी दिसेना. मी सगळं अंगण पालथं घातलं, घोळीचं पानन् पान उलटं केलं. तिसऱ्या दिवशी सापडली, कोश होऊन, तुमच्या खुर्चीच्या बैठकीखाली. वेताला उलटी टांगलेली, तपकिरी, सुकल्या पानाएवढी. म्हणून कुणाला बसू दिलं नाही. ऊन लागलं तर धोतर टाकत होते, वारा आला तर वीट लावत होते. हे खिडकीतून बघत होते.

आज सकाळी कोश रिकामा होता आणि त्याला धरून ती लोंबत होती. पंख मिटलेले, ओले. मी फरशीवरच बसले, गुडघे गेले तरी. ऊन भिंतीवरून उतरून खुर्चीच्या पायापर्यंत यायला किती वेळ लागतो हो! ती सरकत सरकत हातावर चढली, खुर्चीच्या हातावर, जिथे तुमचा अडकित्ता असायचा. आणि पंख उघडले. पुढचे मी बघितलेच नाहीत. खरंच नाही बघितले. मागचा बघितला. एकदा मोजला, परत मोजला. एकाच्या पुढे मोजण्यासारखं काही नव्हतं तरी.

हे कधी येऊन मागे उभे राहिले कळलं नाही. "कोणतं आहे?" म्हणाले. मी म्हटलं, तुम्हीच बघा, आधी मागचा पंख. ते वाकले. पण त्यांचे डोळे भरले आणि त्यांना काही मोजता येईना. "ताई" एवढंच म्हणाले आणि माझ्या खांद्याचा आधार घेऊन खाली बसले. आम्ही दोघं तिथे बसलो. ती बराच वेळ पंख उघडत मिटत राहिली, मग तळ्याच्या दिशेने गेली.

तुम्ही कडू नव्हतात, वन्सं. पहिल्या दिवशी कणीक तिंबलीत तेव्हाच मला कळलं होतं. तीस-बत्तीस वर्षांत म्हणायचं राहिलं, कारण थट्टा छान चालली होती आणि वाटलं, कुठे जाताय. आता म्हणते. एवढं म्हणायला ठिपके मोजावे लागत नाहीत.

पण आज सकाळी आलेल्या तिचं नाव मी अजून घेतलेलं नाही. यांच्यापाशी नाही, मिनूपाशी नाही, मनातसुद्धा नाही. मिनूचा फोन दोनदा येऊन गेला. जिभेच्या टोकावर आहे, पण दोघींनी बघितल्याशिवाय नाव नाही, आणि मग एकदम. नियम तुमचाच आहे.

माझं बघून झालंय, वन्सं. तुम्ही बघा.